राजीखुशीचा अंगठा

माझा जन्म जालन्याकडचा, गावाचं नाव घेऊन तुम्हाला काय करायचंय. बाप पाटलाचा सालगडी, म्हणजे पाडव्याला बांधला की पुढच्या पाडव्यापर्यंत त्याचं अंग पाटलाचं. मी शिकलो दुसरी. पण धाकट्या लेकीला, सुमनला, शिकवलं, ती इथं आयर्लंडात मेनूथला पीएचडी करती, तिच्याकडं तीन महिन्यांसाठी आलो आन लॉकडाऊनमुळं वर्ष झालं, पाच किलोमीटरच्या पुढं पाऊल टाकू देत न्हाईत.

तिचा विषय अमेरिकेतले गुलाम. तिथं आपसात लढाई झाली, मग गुलाम मोकळे केले, मग त्यांचे हक्क ठरवायला शहाणे बसले. शहाणे काय, सगळ्या देशांत बसतात. एक दिवस तिचे गोरे सर लॅपटॉपवर सांगत होते, ती मला मराठीत सांगत होती, की मोकळ्या माणसांनी जुन्याच मालकांशी वर्षाचे करार केले, खाली सहीच्या जागी फुली मारली, म्हणजे मर्जीनं काम धरायचा हक्क मिळाला. तिनं प्रबंधाच्या प्रकरणात तसंच लिहिलं होतं, सोमवारी द्यायचं होतं.

मला हसू आलं. म्हणलं, सुमे, कागद लिहिला कुणी, मालकानं. वाचला कुणी, मालकानंच. मग मर्जी कुणाची गं. ती म्हणली, दादा, तुम्हाला काय माहीत, तुम्हीच सांगता तुम्ही कुणाचं साल धरलं न्हाई.

तसं मी सोयरिकीतसुद्धा सांगत आलो. काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्षांचं खोटं लेकीपुढं ओकायचं म्हणजे. पण ओकलो. धरलं होतं साल. पाटील म्हणला, आता वेठबिगारी बंदीचा कायदा आलाय, तू मोकळा, तवा रीतसर कागद करू. मी अंगठा उठवला. त्यात राजीखुशीनं लिहून देतो असं होतं, ते मला मागनं कळलं. दिवाळीत पळालो, तर तालुक्याच्या स्टँडावर पाटलाच्या दोघांनी यष्टीतून उतरवलं आन गोठ्यात आणून उभा केला. बाप वैरण टाकत होता, त्यानं मान वर केली न्हाई.

म्हणून म्हणलं, फुल्या मोजू नको. वर्ष भरायच्या आधी कोण निघालं आन त्याला धरून आणायला कोण गेलं, ते हुडक.

सुमननं प्रकरण मागं ठेवलं. सोमवार गेला. तीन आठवडे तिनं तेच कागद पुन्हा काढले, आन निघाले की, धरून आणलेले, कोंडलेले, पैशाला पासरी. सरांनी उत्तर धाडलं, ग्रँड, म्हणजे झकास. इथं चहालासुद्धा ग्रँडच म्हणतात.

परवा विचारत होती, दादा, पहिल्या पानावर तुमचं नाव घालू का. घाल म्हणलं, पुढं सालगडी असंबी लिही. सोयरे वाचतील. वाचू देत, त्यांच्या घरात तरी कोण राजा होता. लेकीचं भलं होवो, माझं झालं आता.