ट्रेडमिल, एकदम चालू स्थितीत

दुर्गा : मला हा माणूस काही बरोबर वाटत नाही गो मनवा.

मनवा : आई, अजून तू त्याला बघितलंही नाहीस.

दुर्गा : भाव सांगितला आणि 'ठीक आहे, येतो' म्हणाला. लालबागला जन्म गेला माझा, घासाघीस न करता मेथीची जुडी घेतली नाही मी.

मनवा : वरळीचा आहे. गौतम नाव. फोटो बघून आवडली त्याला ट्रेडमिल.

दुर्गा : आवडणारच. फोटोच्या आधी तिच्यावरून माझ्या साड्या, बाबांची लुंगी आणि कुरडयांचं ताट काढलंस. मी स्वतः तिला फोटोतच नीट बघितलं.

मनवा : माझ्या पहिल्या पगाराची होती ती. चाललीस जेमतेम पंधरवडा. मग मोरीत पडून मनगट मोडून घेतलंस, आणि हिची झाली कपड्यांची दोरी.

दुर्गा : बेल वाजली. तूच बोल बाई. मी तोंड उघडलं की वस्तू फुकट जाते.

(दार उघडतं.)

गौतम : नमस्कार मावशी, मी गौतम. अरे, ही तर नवीच आहे!

मनवा : एकदम चालू स्थितीत. आई वापरत नाही, म्हणून विकतोय.

दुर्गा : आळशी आहे मी. जाहिरातीत तेच लिहायला हवं होतं.

गौतम : माझ्या आईसाठी पाहिजे. गुडघा बदललाय तिचा, डॉक्टर म्हणतात चाला. चाळीत होतो तेव्हा गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, प्रत्येक दारात थांबत. आता चाळ पाडून टॉवर झाला. बाविसावा मजला. लिफ्टला घाबरते, खाली उतरतच नाही.

दुर्गा : वय काय हो त्यांचं?

गौतम : सत्तरी पार. पण आमच्या कमलाबाईंची, म्हणजे आईची, जिद्द आहे! मावशी, जरा चालून दाखवता? व्हिडिओ काढतो. तुम्हाला बघून तिला धीर येईल.

दुर्गा : मला बघून? धीर?

मनवा : थांब, मीच दाखवते. हे बटण ना?

दुर्गा : उतर खाली! आधी उतर!

मनवा : ओरडतेस काय?

दुर्गा : चप्पल घालून चढू नये.

मनवा : मी अनवाणी आहे, आई.

गौतम : काही प्रॉब्लेम आहे का, मावशी?

दुर्गा : छे हो, कसला प्रॉब्लेम. छान चालते. चालता चालता... चहा घेणार?

गौतम : चालता चालता काय?

दुर्गा : थांबते. मध्येच, धाडकन. दुपारची वेळ, घरात मी एकटी. टीव्हीवर सासू सुनेला घराबाहेर काढत होती. मला आला राग, मी वाढवला वेग. ही थांबली, मी नाही थांबले. दांड्यावर आपटून थेट कपाटापर्यंत गेले.

मनवा : म्हणजे मनगट... तू मोरीत पडलीच नव्हतीस?

दुर्गा : तुझा पहिला पगार होता गं. आणि जागच्या जागी चालणारी बाई पडली कशी, हे सांगू कुणाला?

मनवा : आई, मी मोरीत रबरी जाळी टाकली! साबण खाली ठेवला म्हणून बाबा अजून बोलणी खातात!

दुर्गा : गरीब आहेत बिचारे. माफीसुद्धा मागितली त्यांनी. मी माफ केलंसुद्धा.

गौतम : घरात कुणाला नाही सांगितलं, आणि मला सांगताय?

दुर्गा : खरं सांगू? म्हटलं होतं, कुणी तरणाबांड घेईल, पडला तरी उठेल. तुम्ही निघालात आईवाले. नव्या गुडघ्यावर त्या माऊलीला चढवणार... नको. भंगारात देऊ.

मनवा : मी जाहिरात काढून टाकते. माझ्या नावानं 'एकदम चालू स्थितीत' लिहिलंय. शी!

गौतम : एक मिनिट, आईचाच फोन. हां, बोल. नाही गं, नाही घेत. बिघडलीय. त्या बाईंनीच सांगितलं. हो, स्वतःच्या तोंडानं. पडल्या होत्या त्या. आई, हसू नको, समोर उभ्या आहेत. काय? बरं, विचारतो.

दुर्गा : काय म्हणतायत?

गौतम : विचारतेय, तुमच्याकडे अजून काय विकायला आहे?

दुर्गा : मिक्सर आहे एक. पण त्यांना सांगा, झाकण हातानं दाबून धरावं लागतं.