सुंदेचं सूप आणि दोन कोऱ्या ओळी

आदरणीय अध्यक्ष थाक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमच्या चर्चचे पाळक नामगुंग साहेब, आणि आत्तापासूनच जेवणाचा वास घेत बसलेल्या मागच्या बाकांवरच्या बंधुभगिनींनो,

मी ग्वाक बोक-रे. बाजारात माझी सुंदेची खानावळ आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. थाक साहेब, घड्याळ काय बघताय, अजून सुरुवातही केली नाही!

पाळकसाहेबांचे उपकार किती सांगू? माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा रोज पायी येऊन भेटायचे. पण माणूस महाहट्टी. आपल्या कोरियात बायका भक्तीनं अख्खं पवित्र शास्त्र हातानं उतरवतात, तसं मीही उतरवलं. सहा वर्षं, आठ वह्या. उपदेशपीठावर ठेवायचं ठरलं, तर साहेबांनी चाळताना नेमक्या दोन कोऱ्या ओळी शोधल्या. बायकांनी मंडळीत गप्प बसावं, हे वचन जिथं यायला हवं, तिथल्या.

"बोक-रेबाई, इथं राहून गेलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय."

"शास्त्र घ्यायचं तर अख्खं, नाहीतर मुळीच नको. ही काय भाजी आहे, निवडून घ्यायला?"

वह्या घरी परत. तीन वर्षं कपाटात. मला फार लागलं ते, आज सांगते. माझी आई याच मंडळीत चाळीस वर्षं तोंड मिटून बसली. शास्त्र तिला तोंडपाठ होतं, पण विचारलं कुणी? त्या ओळींवर माझा हातच चालेना.

गेल्या महिन्यात, नेहमीसारखे सोमवारी साहेब जेवायला आले. आता सुंदे म्हणजे काय? आतड्यात भरलेल्या शेवया आणि डुकराचं रक्त. मी सुपाचा वाडगा ठेवला आणि शेजारी माझी शेवटची वही उघडली. रक्त खाऊ नका, असं प्रेषितांनी बजावलंय ना, ते पान. एकही शब्द न गाळता!

साहेबांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"सूप निवतंय," म्हणाले आणि वाडगा चाटूनपुसून रिकामा केला. जाताना वही काखेत मारून गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप: बाकीच्या सात वह्या पाठवा, आणि माझ्या समारंभात भाषण तुम्हीच करा. पाहा, आठही वह्या उपदेशपीठावर आहेत. ओळी अजून कोऱ्याच आहेत.

साहेब, सोमवारी येत जा. सगळ्यांचे आभार. बोलताना चुकून काही सुटलं असेल तर पदरात घ्या. मुद्दाम सोडलंय, त्याची माफी मागत नाही.