पुण्याहून आलेले मामा

आमच्या शेतात हुरडा खायला पुण्याचे पर्यटक यायचे होते, आणि परवानगी नाही म्हणून ग्रामपंचायत हे बंद पाडेल या काळजीनं माझी झोप उडाली होती. एवढी शिकलेली मी, पण शक्कल काय काढली? लेकीला पढवलं, “कुणी विचारलं तर सांग, हे आपले मामा.”

पर्यटक आले, आणि नेमके सरपंचही आले. लेक एका पर्यटकाच्या तळहातावरचा हुरडा खात होती.

“कोण गं हे?”

“मामा!”

“अन् ते टोपीवाले?”

“ते बी मामा!”

सरपंच हसले. “वहिनी, लेकराला काहून खोटं शिकवून राहिल्या? पक्क्या खोल्या बांधायच्या असल्या तर आमाला विचारा. शेतात कुणाला जेवू घालायला ग्रामपंचायत अडवू शकत न्हाई.”

माझा जीव भांड्यात पडला. लेकीचे मात्र डोळे भरले.

“आई, मंग हे आता आपले मामा न्हाईत?”