अनिका सापडल्याबाबत

नाव मार्लिस ट्वेट, वय ५४ वर्षे, व्यवसाय शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, राहणार टू हार्बर्स, मिनेसोटा.

समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पती ऑरिनसह राहते. मुलगी अनिका, वय २०, डुलूथच्या कॉलेजात शिकते. ती फोन उचलेना, म्हणून ती बेपत्ता असल्याची तक्रार मी सोमवारी याच पोलीस ठाण्यात दिली होती.

मंगळवारी मी कॉलेजच्या कचेरीत गेले. ती वर्गात येते का, एवढेच विचारले. तिथला कारकून म्हणाला, "बाई, ती सज्ञान आहे. तिच्या लेखी परवानगीशिवाय सांगता येत नाही."

"मी आई आहे तिची."

"ते दिसतंय हो."

तिथून डुलूथच्याच हॉस्पिटलात चौकशीला गेले. शहरालगतच्या मोठ्या सरोवरावरून धुके आले होते. रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे लागते, ते कळत नव्हते. चौकशीच्या खिडकीवरच्या नर्स रेनी म्हणाल्या, "या नावाचं कुणी इथं आहे असं मी म्हणणार नाही, आणि नाही असंही."

मी म्हटले, "मग विचारतच नाही. पण अशी कुणी मुलगी असलीच, तर तिला सांगा, आई खाली काचेजवळ बसलीय. रागावलेली नाहीये."

"निरोप पोचेल का, तेही सांगता येणार नाही. कॉफी देते."

मी बसून राहिले. काचेबाहेर सगळे पांढरे होते. जहाजाचा भोंगा वाजे, आणि ते जहाज खुर्च्यांमधून हळूहळू चालल्यासारखे वाटे. मला झोप लागली होती की नाही, हे सांगता येत नाही. लहानपणी अनिका ओल्या केसांनी पाठीला टेकायची, तसा भार जाणवला. वळून पाहिले तर तीच होती. मनगटात हॉस्पिटलची नावाची पट्टी होती.

तिने मला सगळे सांगितले. मग म्हणाली, "बाबांना नको." मी बरं म्हटले. पुष्कळ वेळ आम्ही धुके बघत बसलो.

अधिकारी लिंडक्विस्ट यांनी आज तिच्याशी फोनवर बोलून ती सुखरूप असल्याची खात्री केली आहे. तरी शोध थांबवावा. तिला काय झाले होते, असे त्यांनी मला विचारले. ते मी सांगणार नाही. ऑरिन बाहेर गाडीत बसला आहे. त्याने या जबाबाची प्रत मागितली, तर अनिकाला विचारल्याशिवाय देऊ नये.

लिंडक्विस्ट म्हणाले, "तुम्हीपण आता त्या कचेरीवाल्यांसारखंच बोलायला लागलात."

मी हो म्हटले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. जे सांगितले ते बरोबर लिहिले आहे. जे सांगितले नाही, ते यात कुठेही आलेले नाही, याचीही मी खात्री केली आहे.