शाळेच्या गल्लीत सोडलेली हवा

जबाब, दिनांक २१ नोव्हेंबर २००७

नाव आम्रपाली सीताराम ओव्हाळ, वय २३ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा हिंजवडी येथील खाजगी कंपनीत डेटा एंट्री, राहणार शाळेची गल्ली, वारजे, पुणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर पहिल्या मजल्यावर मी, वडील सीताराम व आई प्रेमला असे राहत होतो. वडील रिक्षा चालवतात. आईला बारा वर्षांपासून दमा होता. आमची गल्ली शाळेच्या फाटकापासून मंडईपर्यंत जाते. हायवेकडे नवीन सोसायट्या झाल्यापासून तिच्यात दिवसभर गाड्या अडकून उभ्या असतात. धुरामुळे आमच्या घराची रस्त्याकडची खिडकी आम्ही उघडत नसू.

गल्ली वाहनांना बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवावी, असा अर्ज मी मे महिन्यात लिहिला. मला त्यात आमच्या गल्लीतील श्री. दिगंबर परचुरे, वय ७२, सेवानिवृत्त, यांनी मदत केली. मी बारावीत असताना ते मला विनामोबदला इंग्रजी शिकवत. मी त्यांना काका म्हणते. नगरसेवकांनी आधी एक रविवार करून पाहा, असे सांगितले.

त्याबाबत दिनांक ११ रोजी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पालकांचे म्हणणे गल्ली बंद व्हावी असे होते. दुकानदारांचा विरोध होता. हार्डवेअरचे दुकान असलेले रविराज शेडगे म्हणाले, "गिऱ्हाईक दारात गाडी लावतं, माल घेतं अन् जातं. सिमेंटची गोणी काय पिशवीत घालून चालत नेणार हाय का?" त्यावर परचुरे काका म्हणाले, "आपल्या दुकानात मी गेली दहा वर्षं फक्त खिळे घेतो. ते मला अजून झेपतात." लोक हसले.

मग शेडगे यांनी माझ्याकडे हात करून सांगितले, "हिच्या वडलांची रिक्षा ह्याच गल्लीत लागती. नियम सगळा आम्हालाच का?" तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "माझ्या वडिलांची रिक्षा आत दिसली तर पहिली तिचीच हवा सोडा." टाळ्या वाजल्या. वडील मागच्या खुर्चीवर होते. ते शेजारच्याला म्हणाले, "ऐकलंत का, पहिला नंबर आपला." घरी आल्यावर त्यांनी आईला ते सांगितले. आई म्हणाली, "बोलताना आपलं घर मधे घालू नये गं."

गल्लीच्या तोंडाशी लावलेला फलक मी तयार केला. त्यावरील मजकूर असा: "हा रस्ता चालण्यासाठी आहे. चालत आलात तर स्वागत. गाडी आणलीत तर हवा सोडण्यात येईल व परत चालतच जावे लागेल." शेवटची ओळ काकांनी सुचवली होती. अक्षर माझे आहे.

रविवार दिनांक १८ रोजी सकाळी सातपासून दोन्ही टोकांना आडवे बांबू लावले. सर्व गाड्या बाहेर गेल्या. वडिलांनी रिक्षा हायवेवर लावली. आईने खाली येऊन बसावे म्हणून मी आमच्या दारासमोर रस्त्यावर प्लॅस्टिकची निळी खुर्ची ठेवली. ती नंतर येते म्हणाली. त्यानंतर मी शाळेच्या फाटकापाशी मुलांच्या चित्रकला स्पर्धेत होते. तेथून आमचे घर दिसत नाही.

पुढील हकिगत वडिलांनी मला सांगितली ती अशी. नऊच्या सुमारास आईला धाप लागली. तोंडातून ओढायच्या औषधाने फरक पडला नाही. आमचा जिना अरुंद व उभा आहे. तिला हायवेपर्यंत चालवणार नाही हे पाहून वडिलांनी मंडईकडचा बांबू स्वतः काढून रिक्षा दारात आणली व ते वर गेले. ते मला हाक मारायला निघाले होते. आई त्यांना म्हणाली, "आमूला बोलवू नका. तिचा कार्यक्रम चाललाय."

आई प्रत्येक पायरीवर थांबत होती. तेवढ्या वेळात परचुरे काका तेथून गेले. रिक्षात व आसपास कोणी नव्हते. त्यांनी तिन्ही चाकांची हवा सोडली. रिक्षा कोणाची हे त्यांना माहीत होते. ते तेथून सरळ माझ्याकडे आले व म्हणाले, "आम्रपाली, तुझा शब्द राखला हो. पहिली तुमचीच." मी त्यांना "थँक यू, काका" म्हणाले. त्यानंतर मी मुलांच्या चित्रांना नंबर दिले.

थोड्या वेळाने भाजी विकणाऱ्या द्वारकाबाई धावत आल्या व मला घेऊन गेल्या. आई निळ्या खुर्चीवर बसलेली होती. वडील दुसरी रिक्षा पाहायला गेले होते, परंतु स्टँडवरील इतर रिक्षावाल्यांनी आमच्या कार्यक्रमाच्या निषेधार्थ त्या दिवशी धंदा बंद ठेवला होता. परचुरे काका घरून सायकलचा पंप घेऊन आले व रिक्षाच्या चाकात हवा भरू लागले. त्यांच्याने तो पंप दाबला जात नव्हता. ते थांबतही नव्हते.

मी आईचा हात धरला. तिला सलग बोलता येत नव्हते. गल्लीत एकही गाडी नव्हती. ती एवढेच म्हणाली, "शांत... आहे गं."

आम्ही तिला द्वारकाबाईंच्या हातगाडीवर निजवले. हातगाडी ढकलण्यास रविराज शेडगे पुढे होते. त्यांनी हायवेवर लावलेला स्वतःचा टेम्पो काढला व तेच चालवत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून आई पोहोचण्यापूर्वीच मयत झाल्याचे सांगितले. आधी आणले असते तर, असे मी विचारले. ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

काल शेडगे परचुरे काकांविरुद्धचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. ते रडत होते. वडिलांना म्हणाले, "तात्या, सही करा. माणूस गेलं आपलं." वडील म्हणाले, "सही येती मला. ह्याच्यावर नाही करायची." त्यावर शेडगे यांनी स्वतःच्या नावाने अर्ज दिला. त्यांचा हेतू वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही.

परचुरे काकांनी हवा सोडली हे खरे आहे. ती त्यांनी मी सभेत बोलले त्यावरून सोडली, हेही खरे आहे. ते मी बोलले नसते तर ओळखीची रिक्षा पाहून त्यांनी आधी वर हाक मारली असती, अशी माझी खात्री आहे. रविवारपासून ते घराबाहेर आलेले नाहीत. मी दोनदा गेले, त्यांनी दार उघडले नाही. माझी व वडिलांची त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

गल्ली वाहनांना बंद असावी काय, असे विचारता, मला आज सांगता येत नाही. घराची खिडकी आम्ही उघडी ठेवली आहे.

पंचनाम्यात फलक व निळी खुर्ची जप्त केली आहे. फलक परत नको. खुर्ची मिळावी, अशी विनंती आहे.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. सभेतील माझे वाक्य माझ्याविरुद्ध जाऊ शकते, ते वगळू का, असे त्यांनी विचारले. वगळू नये, असे मी सांगितले. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

समक्ष सही,
आम्रपाली सीताराम ओव्हाळ