जनावरांच्या वाट्यात फासकी

ऐका. शेकोटीत लाकूड सारा, अन् मध्ये कुणी बोलू नका.

वरच्या वाडीचा येसबा अंधार पडल्यावर एकटाच रानात निघाला. खांद्यावर पोतं, कमरेला कोयता. आज नका जाऊ म्हणून बायको, हौसा, दारात आडवी उभी राहिली. त्यानं कोपरानं बाजूला सारली तिला. ताकद बैलाची, अन् अक्कलही बैलाचीच.

कशाला निघाला, ते आधी सांगतो. शेत पेरायच्या आधी आपण दाट रानात जनावरांचा वाटा पेरतो, ठाऊक आहे ना? झाडाखाली सावलीत सहसा काही धरत नाही. म्हणून खालच्या फांद्या छाटायच्या, पाचोळा ओढायचा, अन् ऊन उतरेल तिथं कुळीथ टाकायचा. सांबरं, भेकरं तिथंच चरतात, खालची शेतं वाचतात. पेरणाऱ्यानं मातीवर हात ठेवून शब्द द्यायचा, 'हे तुमचं, खालचं आमचं.' मग त्या वाट्यात हत्यार न्यायचं नाही. वाघ मागं लागला तरी नाही.

त्या साली पेरायची पाळी येसबाची. यानं शब्द दिला, अन् कुळीथ वर आल्यावर त्याच कुळथात तारेच्या फासक्या लावल्या. जिभेला मटणाची चटक, दुसरं काय!

तर ऐका. पोचला. बॅटरी मारली. पहिल्या फासकीत भेकराचं पिल्लू, जिवंत. येसबा खूश. मान धरली, कोयता ओढला, नरडं चिरलं. रक्त येईना, बाबांनो! कुळीथ आला. भळाभळा कुळीथ, त्याच्या हातावर, पायावर.

शहाणा असता तर तिथूनच पळाला असता. हा म्हणतो, रानात भास व्हायचेच. पिल्लू पोत्यात कोंबलं, पोतं पाठीवर टाकलं, पुढं सरकला. दुसऱ्या फासकीत थोरलं सांबर. तारेनं गळा हाडापर्यंत कापलेला, तरी उभं. चरत होतं. गिळलेला घास गळ्याच्या चिरेतून खाली पडायचा, अन् ते तोच घास परत उचलायचं.

आता मात्र मागं फिरला. पाठीवरचं पोतं हाललं. आतल्या पिल्लानं त्याच्या खांद्याचा लचका तोडला. भेकर, अन् लचका! पोतं फेकून धावला, अन् उजव्या पायाला तार बसली. त्याचीच फासकी. तोंडावर आपटला.

तार आवळत गेली. ओढणारं कुणी नाही, तरी ओढ लागली, आत, गर्द सावलीत. त्यानं मातीत नखं रुतवली, नखं उपटून निघाली. बुंध्याशी काहीतरी उभं होतं. डोक्याला सांबराची शिंगं, पण उभं दोन पायांवर. बोललं ते येसबाच्याच आवाजात.

"हे आमचं, खालचं तुझं. मग तू इथं कसा?"

येसबा रडायला लागला. "सोड रं बाबा. पुन्यांदा पाऊल टाकणार न्हाई."

"जा की. आमच्यात शिरलं, तेवढं ठेवून जा."

कोयता कमरेला होताच. एका घावात पाय तुटत नाही, पोरांनो. हाड चिवट असतं. तो ओरडत होता अन् घालत होता, घालत होता अन् ओरडत होता. शेवटी घोट्याखालचा पाय तारेत राहिला. धोतर फाडून आवळलं अन् सरपटत सुटला. उजाडता उजाडता हौसाला तो ओढ्याशी सापडला.

गडी वर जाऊन आले. फासक्या होत्या, पाय नव्हता. मऊ मातीत सांबराचे ठसे होते. तीन खूर, अन् चौथ्या खुराच्या जागी माणसाचं पाऊल. उजवं.

येसबा जगला, कुबडीवर. पण रात्री दचकून उठायचा, अन् हौसाला सांगायचा, "पाय गार पडला गं. आज ते वढ्यावर पाणी प्यायला आलंय."

म्हणून सांगतो, पेरायला दिवसाउजेडी जा, शब्द द्या अन् माघारी या. अंधारात हत्यार घेऊन त्या वाटेला जाऊ नका. येसबाला जाळून कैक वर्षं झाली. ते पाऊल अजून उमटतं.