एका ओळीचा खुलासा

न्हाई न्हाई म्याडम, माळावर आत्ता नगं — आत्ता ऊन हाय, आणि जानेवारीचं असलं तरी माणचं ऊन हाय ते, तुमच्या पुण्याचं न्हाई. हितं शाळेतच बसा, चहा घ्या आधी. व्हय, मीच बाळासो गुरुजी, पत्रावर बाळासाहेब लिव्हलंय ते मीच — आणि मास्तर असून असा बोलतो म्हणून हसू नगा, शुद्ध बोलायचा पगार वर्गात मिळतो, वर्गाबाहेर आपली आपली भाषा. तर काय म्हणत व्हता? चाळीस शिक्षक. वीस सातारचे, वीस सांगलीचे. आणि मी त्यास्नी आमचा माळ फिरवून गवतं वळखायला शिकवायची, एक दिवस. जेवण तुमचं, टोप्या तुमच्या, गवत आमचं. बरं हाय की.

आवं, कार्यशाळा मला नवी न्हाई. चोवीस वर्षं नोकरी झाली, त्यात पर्यावरणाच्याच किती केल्या म्हणता — लोणंदला केली, साताऱ्यात तर चार केल्या. एक व्हती प्लास्टिकमुक्तीची. दीडशे मास्तर, दीडशे पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्याच, आणि जेवताना वर आणखी दीडशे. मी उठून म्हणालो का काय? न्हाई म्हणालो. मी बी एक उघडली आणि प्यालो. पोरगं काय शिकलं हे एकानं बी इचारलं न्हाई आजवर. फोटो टाकला का इचारत्यात. फोटोत पाटी दिसती का, पाटीवर तारीख दिसती का, मागं हिरवं दिसतं का. आता आमच्या माणात मागं हिरवं कुठनं आणायचं? एकदा तर सोसायटीच्या हापिसामागच्या मेंदीच्या कुंपणाफुडं पोरं उभी केली — व्हय, हसा, हसण्यासारखंच हाय.

काय? वही? आणलीय व्हय तुमी — झेरॉक्स. बघू. हां, हीच. तुमच्या स्पर्धेत दोन्ही जिल्ह्यांत पहिला नंबर आला हिला, शिक्षक गटात. 'माळावरची सत्तावीस गवतं'. पवन्या, मारवेल, शेडा, कुंदा, कुसळ… मी आणि पोरांनी मिळून केली, मंजे पोरांनी गोळा केलं, मी — मार्गदर्शन. हे अक्षर? कुठलं अक्षर? हे व्हय — काडी चिकटवलीय त्याच्या खालचं. ते पोरीचं हाय एका. सुवाच्य अक्षर व्हतं म्हणून लिव्हून घेतलं. बाकीचं माझं हाय, बघा की, फुडची पानं माझीच हायेत, फक्त काड्या चिकटवलेली पानं तीच ठिवली, कारण त्या काड्या परत मला — परत कोण हुडकत बसणार, म्याडम.

सोनम नाव तिचं. मेंढपाळाची. सातवीला व्हती तवा, तीन वर्षं झाली. आज्जी सुलाबाई, ती हितंच गावात राहती, आणि आईबाप मेंढरांमागं. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन पार खाली, वाईकडं, तितनं घाट उतरून कोकणात, ते पाऊस तोंडावर आला की परत. पोरगी आज्जीपाशी राहून शिकत व्हती, पण सुट्टी लागली की पळाली मेंढरांकडं. हुशार व्हती का? कसली हुशार, गणितात काठावर पास. पण माळावर न्यावं तिला. मी कृष्णाकाठचा माणूस, आमच्याकडं ऊस सोडला तर बाकी सगळं तण. मला हिथला माळ मंजे मोकळं, बोडकं रान वाटायचं. त्या साली जुलैत झाडं लावायचा आदेश आला, मी म्हणालो झकास, माळ मोकळाच पडलाय. पाचशे खड्डे काढले. सायेब आले, सभापती आले, गाड्या आल्या, नारळ फुटला. मी माईकवर म्हणतोय, ह्या पडीक जमिनीला आपण आज हिरवा शालू नेसवणार — आणि ही पोरगी पहिल्या रांगेतनं उठली. "गुरुजी, पडीक न्हाई ती. पवन्या हाय तितं. खड्डं पाडलं तर पवन्या मरंल, आन् झाड बी न्हाई जगायचं, खाली मुरूम हाय. मेंढरांनी काय खायाचं?"

सगळे हसले, म्याडम. मी बी हसलो. पण सायेब काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, "गुरुजी, पोरगी तुमच्यापेक्षा हुशार दिसती की, हिलाच माईक द्या." चेष्टेत म्हणाले. चेष्टाच व्हती ती, कळतं मला. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोण असं सगळ्यांफुडं बोललं नव्हतं, आणि ती बसताना माझ्याकडं बघून अशी — न्हाई, हसली न्हाई, तिच्या मनात काय बी नव्हतं. मलाच वाटलं हसली. मार्चात जाऊन मोजलं, पाचशेतली अकरा जगली व्हती. आणि खड्ड्यांच्या भवतीनं पवन्या गेला तो गेलाच.

तर वही. ती तिनं केली. हां, तिनंच केली, आता झेरॉक्स तुमच्या हातात हाय तर काय लपवायचं. पिठाच्या खळीनं काड्या चिकटवल्या, खाली नाव, मेंढी कवा खाती, कवा तोंड फिरवती, कुठल्या गवतानं लोकर तुटती. माझ्यापाशी तपासायला आणली. मी लाल पेन घेतला आणि सत्तावीसच्या सत्तावीस नावांवर काट मारली, वर लिव्हलं 'गवत'. शुद्ध शब्द गवत. पुस्तकात गवतच हाय ना — वनस्पतीचे प्रकार: झाड, झुडूप, वेल, गवत. मला तवा खरंच वाटलं, मी बरोबर करतोय.

त्याच साली ती योजना आली. साताऱ्यात पंधरा दिवसांचं निसर्ग शिबिर, आणि त्यातनं निवडलेल्या पोरींना दहावीपतुर वसतिगृह, राहणं, जेवण, शाळा, सगळं. गरीब घरातली पोर पायजे, चौदाच्या आतली पायजे. फारम आलं. सोनमनं तिच्या हातानं भरलं. वहीतली चार पानं जोडली, माझी लाल काट असलेली. आणि निवड झाली! पानं परत आली त्यावर काट खोडून कुणी तरी बाजूला लिव्हलं व्हतं — नावे तशीच राहू द्यावीत. पण तिनं राहण्याच्या रकान्यात काय लिव्हावं? लिव्हलं, वाडा. आता तुमाला सांगतो, हिकडं मेंढरांचा तळ पडतो ना, चार बिऱ्हाडं, जाळी, कुत्री, घोडं, चूल — त्याला वाडा म्हणत्यात. आज हितं, परवा तितं. आईबाप कुठं हायेत इचारलं की पोर म्हणती, वाड्यावर. साताऱ्याच्या हापिसात कुणी तरी वाचलं, वाडा. झालं. पत्र आलं: विद्यार्थिनीचे कुटुंब वाड्यात राहते, सबब आर्थिक दुर्बल घटकात बसत नाही. आठ दिवसांत खुलासा करावा.

हसलो आमी. आवं, लय हसलो, हेडमास्तर तर पोट धरून. जाळीच्या वाड्याला दिंडीदरवाजा हाय का म्हणे. एका ओळीचं काम व्हतं. वाडा मंजे मेंढरांचा तळ. सही, शिक्का. मी म्हणालो, मी लिव्हतो. पत्र कपाटात ठिवलं, भूगोलाच्या नकाशांखाली. दुसऱ्या दिशी ध्यानात व्हतं. तिसऱ्या दिशी बी. इसरलो असतो तर — न्हाई इसरलो. रोज कपाट उघडायचो, खडू काढायचो, लावायचो. मनात यायचं, आता म्हणा की हिला माईक द्या. आठ दिवस गेले. नवव्या दिशी मी पत्र काढून वाचत बसलो, पण नववा दिवस व्हता तो.

सुलाबाई आली इचारायला, गुरुजी, सातारनं काय कळवलं का. मी म्हणालो न्हाई बसलं नाव. म्हातारी म्हणाली, "आसंल. आमच्या पोरींचं कुटं बसतंय. तुमी लिव्हलंसा, लय झालं." आणि शेळी व्याली की अजून मला चीक आणून देती. मी खातो. काय करू, परत कसा करू, काय सांगून परत करू?

पोरगी आठवीला आलीच न्हाई. बापाचा गुडघा गेला, मेंढरांमागं माणूस पायजे झालं. आता घाटाखाली असंल कुठं तरी. वही माझ्याच कपाटात व्हती. गेल्या साली तुमच्या स्पर्धेची जाहिरात आली, शिक्षक गट… वही बघितली. लाल काट दिसू नये म्हणून नावं माझ्या हातानं दुसऱ्या कागदावर उतरवली आणि त्या पट्ट्या काटेवर चिकटवल्या. बदलीच्या अर्जाला प्रमाणपत्राचा उपयोग व्हतो, म्याडम. कृष्णाकाठी माझी म्हातारी आई हाय.

काय म्हणालात? यंदा परत जागा हायेत? वसतिगृहाच्या? मंग आत्ताच लिव्हू — आणा तो कागद, मी लिव्हतो, खुलासा बी लिव्हतो, सही बी — वय? चौदाच्या आत. तेच हाय अजून, चौदाच्या आत. पंधरा पुरी झाली म्याडम ती. दिवाळीतच झाली.

उठलात का? एसटीला येळ हाय अजून. तिकडं कुठं, माळाकडं? एकट्या? आवं, काटं हायेत, चपला बघा तुमच्या — थांबा, मी येतो. येतो म्हणालो ना, येतो. पण गुडघा — बरं, हितं कुंपणापाशीच बघा, हितं बी तेच गवत हाय.

हे व्हय? उपटलंत कशाला? द्या हिकडं. पिवळं पडलंय, वाळलंय, वाळल्यावर सगळी सारखीच दिसत्यात. हे मंजे… टोकाला हे असं कुसळावाणी हाय, पण कुसळ नसावं. वहीत बघा की, तुमच्याजवळ वही हाय. झेरॉक्सात काडी वळखू येत न्हाई? मंग मी काय करू, मला असं अचानक — पवन्या… न्हाई. पवन्या न्हाई.

गवत हाय, म्याडम. गवत.

जावा तुमी आता. शाळा बंद करायचीय मला.